बटरला गावपळण कळत नाही

आधीच सांगून टाकते, मला कुत्रे आवडत नाहीत. म्हणजे अंगणात पडून राहणारा, भाकरीचा तुकडा टाकला की शेपूट हलवून गप्प आपल्या जागी जाणारा गावठी कुत्रा असेल तर माझी काही तक्रार नाही. पण आमच्या घरात जो आहे तो कॉर्गी आहे. एखाद्या धष्टपुष्ट कोल्ह्याचे पाय अर्धे कापून ठेवावेत तसा दिसतो. परदेशात कुठल्याशा थंड मुलखात गाईगुरं हाकण्यासाठी ही जात पाळायचे म्हणे. आखूड पायांमुळे गाईने लाथ मारली तरी ती डोक्यावरून जाते. हे सगळं मला माझ्या मुलाने, यज्ञेशने, फोनवर कौतुकाने सांगितलं. आमच्याकडे एकही गाय नाही हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

कुत्र्याचं नाव बटर. ते आमच्या सुनेने, गौरजाने ठेवलं. चहात बुडवून खायच्या वस्तूचं नाव घेऊन मी वाडीभर हाका मारत फिरायचं.

पुण्याला फ्लॅटमध्ये असताना त्या दोघांनी तो हौसेने घेतला. पुढे यज्ञेशला डब्लिनला नोकरी लागली, आणि एका शनिवारी दोघं गाडी घेऊन आले आणि कुत्रा आमच्या पडवीत सोडून गेले. "आई, फक्त सहा महिने. तिकडे घर मिळालं की नेतो." सोबत एक ब्रश, एक कंगवा, सुटलेले केस ओढून काढायचं आणखी एक अवजार आणि चार पानांचा छापील कागद, बटरला काय चालतं आणि काय चालत नाही याचा. मी एकतीस वर्षं कट्टा गावच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवलं. एवढ्या वर्षांत कुठल्या आईने आपल्या पोराबद्दल मला चार ओळी लिहून दिल्या नव्हत्या.

सहा महिन्यांचे अठरा झाले.

त्याच्या अंगावर केसांचे दोन थर आहेत. खालचा थर मऊ, आणि तो बारा महिने गळतो. आमटीत केस, समईच्या वातीत केस, ह्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर केस. रोज संध्याकाळी पडवीत बसून मी त्याला विंचरते, कारण नाही विंचरलं तर पावसाळ्यात खालच्या केसांत ओल धरते आणि कातडीला खाज सुटते. पहिल्या पावसाळ्यात सुटली होती. कणकवलीला डॉक्टरांकडे दोन फेऱ्या झाल्या. त्या डॉक्टरांनी आणखी एक काम लावून दिलं: वजन वाढू देऊ नका, पाठ लांब आहे, पायऱ्यांवरून उड्या मारल्या तर मणका जाईल. झालं. आमचे हे पोस्टातून निवृत्त झालेले, हाताला काम नाही. ह्यांनी दुसऱ्याच दिवशी सुतार बोलावून पडवीच्या पायऱ्यांवर फळीचा उतार करून घेतला आणि बटर घसरू नये म्हणून वर काथ्याचं पायपुसणंही ठोकलं. त्याच पायऱ्यांना एका बाजूने कठडा लावा म्हणून मी माझ्या गुडघ्यांसाठी दोन वर्षं सांगत होते.

भात देऊ नका, असंही डॉक्टर म्हणाले होते. हे ताटाखालून देतात. मी बघितलं की म्हणतात, "एक घास तर दिलंय." तो एक घास रोज वजनकाट्यावर दिसतो आणि यज्ञेशची बोलणी मला खावी लागतात.

पण केस आणि वजन परवडलं. खरा ताप आहे तो त्याच्या हाकण्याचा. घरातली माणसं वेगवेगळ्या ठिकाणी बसलेली त्याला खपत नाहीत. मी स्वयंपाकघरात आणि हे पडवीत असले की तो मधल्या दारात उभा राहून आधी कुरकुरतो, मग भुंकतो, आणि तरी कुणी हललं नाही तर मागून येऊन टाचेला दात लावतो. चावत नाही, नुसते दात लावतो, पण पासष्टीच्या बाईला तेवढं पुरतं. दिवेलागणीला तर विचारू नका. कुणी एकटं परसात निघालं की हा सगळं सोडून मागे धावतो, आडवा होतो आणि त्याला वळवून घरात आणतो, तेव्हाच गप्प होतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना त्याने एकेक करून अंगणातून माजघरात नेऊन बसवलं होतं. सगळ्या हसल्या. जिच्या पैठणीच्या काठाला दात लागले ती तेवढी हसली नाही.

आमच्या शेजारच्या राधाबाई, ज्यांच्याकडे तीन गाई आहेत, त्या एकदा मला म्हणाल्या, "बाई, तुमी शाळेत पोरांका रांगेत चलवीत होतात, तसोच करता बगा ह्यो." निवृत्त झाले तरी गाव मला बाईच म्हणतं. पण ते बोलणं मला मुळीच आवडलं नाही.

यज्ञेशचा फोन रविवारी दुपारी येतो. न चुकता येतो, हे कबूल केलं पाहिजे. पूर्वी, कुत्रा नव्हता तेव्हा, महिना महिना यायचा नाही. आता येतो आणि पहिलं वाक्य असतं, "आई, कॅमेरा खाली कर ना, बटर दिसत नाहीये." मग मी कॅमेरा खाली करते. बटरने काय खाल्लं, वजन किती, कानात मळ आहे का, गोचीड बघितल्या का. वीस मिनिटांतली अठरा त्यात जातात. उरलेल्या दोनात माझे गुडघे, ह्यांचा रक्तदाब आणि आंब्याचा मोहोर. मी पण काही कमी नाही. मी अठराच्या अठरा मिनिटं तक्रारी करते. तक्रारी ऐकताना तो फोन ठेवत नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं.

शेवटी दिवाळीत मी त्याला साफ सांगितलं. "यज्ञेश, माझ्यान आता होवचा नाय. जानेवारीत ये आणि तुझो कुत्रो घेवन जा. दुसरा माका काय एक नको."

तो आता पुण्याची मराठी बोलतो. "येतो, आई. नक्की येतो. बारा तारखेचं तिकीट बघतो."

मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर बारा तारखेभोवती लाल पेनाने गोल काढला. दीड वर्ष होत आलं होतं त्याला बघून. त्या गोलाकडे बघत मी पुढचे दोन महिने केस विंचरले. एकदा मनात आलं की कुत्रा पुढच्या वर्षी नेला तरी चालेल, पण यज्ञेश आलाच पाहिजे. मग ते मनातच ठेवलं, कारण असं सांगितलं असतं तर तो आलाच नसता.

आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे गावपळण लागली.

गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं ते गावाला अजून पचलेलं नाही. दर चार-पाच वर्षांनी ग्रामदेवाचा कौल होतो, आणि ठरल्या दिवशी ढोल वाजला की सगळा गाव तीन रात्रींसाठी वेशीबाहेर जातो. सगळा म्हणजे सगळा. माणसं, गुरं, खुराड्यातल्या कोंबड्या, टोपलीत घातलेली मांजरं. तीन दिवस गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही, माणसाचं पाऊल पडत नाही. चौथ्या दिवशी पुन्हा कौल घ्यायचा, देवाने हो म्हटलं की घरी. आमची वेस म्हणजे व्हाळ, गुडघाभर पाण्याचा ओढा. त्यावर एक अरुंद साकव आहे. साकवाच्या अलीकडच्या, म्हणजे वेशीबाहेरच्या मळ्यात, भात कापलेल्या जमिनीवर, झावळ्यांच्या राहुट्या पडतात. भजन होतं, फुगड्या होतात, मुंबईहून खास रजा टाकून लोक येतात. मला हे फार आवडायचं. शेजारणी-शेजारणी तीन दिवस एका चुलीवर, आणि घर झाडायला नको.

यंदा माझ्यासोबत बटर होता.

तीनशे माणसं एका मळ्यात बघून तो आधी खूश झाला असावा. पण संध्याकाळ झाली आणि कुणीच घरी जाईना, तेव्हा त्याचं डोकं फिरलं. त्याच्या दृष्टीने एवढी माणसं दिवे लागले तरी बाहेर होती, म्हणजे सगळंच बिघडलं होतं. साकवाकडे धावायचा, परत यायचा, दिसेल त्याच्या टाचेला लागायचा. मी त्याला राहुटीच्या खांबाला बांधला. तो रात्रभर भुंकला. सकाळी मानकरी लवू गावकर स्वतः राहुटीत आले. देवाचं सगळं तेच बघतात आणि त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नाही.

"बाई, ह्याका गप करा. भजनाक कोणाक सूर गावलो नाय."

"माका सांगा कसो करू तो," मी म्हटलं. "मी दीड वर्षां बगतंय."

जाताना त्यांनी बटरकडे असं बघितलं की मला राग आला. त्या कुत्र्याला बोलायचा हक्क माझा आहे, गावाचा नाही.

त्याच दिवशी, म्हणजे पळणीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी साडेचारला यज्ञेशचा फोन आला. रविवार नव्हता.

"आई, गुड न्यूज आहे. बटरचं काम झालं. गौरजाच्या मैत्रिणीच्या ओळखीच्या एक बाई आहेत गोव्यात, फ्लाव्हिया म्हणून. त्यांच्याकडे आधीच दोन कॉर्गी आहेत. बाग आहे, एसी आहे. त्या रविवारी गाडी पाठवतायत. ड्रायव्हर घरी येऊन घेऊन जाईल. तुला काहीच करायचं नाही."

"आणि तू?"

"मी काय?"

"तू बारा तारखेक येतलस मां?"

"अगं, आता त्याची गरज नाही ना. रजेचंही जरा अवघड होतं. आपण मे महिन्यात बघू. तुला त्रास होत होता ना, तो संपला बघ."

जे मागितलं होतं तेच मिळालं होतं, अगदी घरपोच. "बरां," मी म्हटलं आणि फोन ठेवला. मग माझा असा संताप झाला की हातातली कळशी मी जमिनीवर आपटली. संताप कुणाचा ते त्या क्षणी मला कळत नव्हतं. बटर खांबाला हिसके देत भुंकत होता. भुंकणं थांबवत नव्हता, श्वासही घेत नव्हता. मी गेले आणि त्याच्या गळ्यातला पट्टा काढला. तो सुटला नाही, मी सोडला. पुढे मी सगळ्यांना सुटला म्हणून सांगितलं, म्हणून इथे खरं लिहून ठेवते.

"जा," मी त्याला म्हटलं, "खंय जावचा आसा थंय जा."

व्हाळाच्या काठाला राधाबाईंच्या तीन गाई आणि एक पाडी चरत होत्या. बटरने मोकळ्या गाई आयुष्यात पहिल्यांदा बघितल्या. तो एकदम खाली वाकला, पोट जवळजवळ जमिनीला, आणि लांबून वळसा घालून त्यांच्या मागे गेला. तांबड्या गाईच्या मागच्या पायाला दात लावले. तिने लाथ झाडली. लाथ त्याच्या डोक्यावरून गेली. ते आखूड पाय कशासाठी आहेत ते मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं. मग दुसरीला, मग पाडीला, कधी डावीकडून, कधी उजवीकडून. भुंकणं बंद. पाच मिनिटांत चारही जनावरं एका रांगेत साकवावर चढली आणि पलीकडे उतरली. आयुष्यात कुणी शिकवलं नव्हतं त्याला. खोटं कशाला बोलू, माझी शाळेतली रांग इतकी सरळ कधीच नव्हती.

मग मळ्यात आरडाओरडा झाला. राधाबाई कपाळावर हात मारत धावल्या. दोन तरुण साकवाकडे निघाले तेव्हा लवू गावकर आडवे झाले.

"कोणी पलीकडे पाय टाकूचो नाय. माणसाचो पाय पडलो तर पळण मोडली. परत कौल, परत तीन राती."

सगळे जागच्या जागी थांबले. मुंबईकरांची रजा तेवढीच होती, पोरांच्या परीक्षा होत्या. राधाबाईंनी कोंड्याची बादली आणली आणि साकवाच्या अलीकडून हाक दिली, "ये गो, तांबडे, ये." तांबडी लगेच वळली. साकवापर्यंत आली. पण तिथे बटर उभा होता. त्याने तिला आल्या वाटेने परत फिरवलं. चार वेळा हाक, चार वेळा तेच. मग तो साकवाच्या पलीकडच्या टोकाला आला आणि आमच्याकडे बघून भुंकू लागला. घराच्या दिशेने दहा पावलं धावायचा, मागे वळून बघायचा, परत यायचा. त्याचं म्हणणं सरळ होतं. गुरं आणली, आता तुम्ही चला. देवाचा कौल तीनशे माणसांना कळत होता, त्याला कळत नव्हता.

"तो कुत्रो ईलो तर गोरवां येतली," लवू गावकर म्हणाले. "नायतर काळोख पडल्यार बिबटो फिरता. गाव रिकामो आसा, तेका कोण आडवणार?"

बिबट्याला गाईपेक्षा कुत्रा सोपा जातो, हे आमच्याकडे पोरांनाही ठाऊक आहे. सूर्य माडांच्या वर हातभर राहिला होता. आमचे हे बिस्किटाचा पुडा घेऊन साकवावर अर्ध्यापर्यंत गेले. बटर तीन पावलं आला, बिस्किटाकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं, आणि परत गाईंकडे गेला. भातावर वाढलेला हा हावरट कुत्रा बिस्किटाला पाठ दाखवतोय हे बघून ह्यांचा चेहरा उतरला. मुंबईहून आलेल्या एकाने दगड उचलला. ह्यांनी त्याचा हात धरला आणि मला म्हणाले, "यज्ञेशाक फोन लाव. तेचो आवाज वळखात तो."

मला लावायचा नव्हता. ह्यांनीच लावला. भजनाचा माईक होता, मोठे दोन कर्णे होते. ओंकार नावाचा भजनीबुवांचा मुलगा पुढे झाला आणि त्याने फोन स्पीकरवर टाकून माईकला धरला. डब्लिनहून माझ्या मुलाचा आवाज व्हाळाच्या दोन्ही काठांवर घुमला. "बटर! बटर, कम! कम हिअर, गुड बॉय!"

बटर पलीकडे उभा होता, तोंड आमच्याकडे. मी त्याच्या कानांकडे बघत होते. मी कुकरचं झाकण काढलं तरी ते कान उभे राहतात. ते हलले नाहीत.

"बटर, इकडे ये! आई, आला का?"

"नाय," मी माईकपाशी जाऊन म्हटलं.

"नेटवर्कमुळे आवाज तुटत असेल."

"हंय नेटवर्क चांगला आसा."

हे कर्ण्यातून सगळ्या गावाने ऐकलं. ओंकारने घाईने फोन बंद केला. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. मला वाटलं, यज्ञेशला दोष तरी काय द्यायचा, दर रविवारी फोनवर ऐकूनही दीड वर्षात त्याचा आवाज कुत्र्याच्या कानातून पुसला गेला आणि कुत्र्याला त्याचं काही वाटत नाही. पुसला गेला नाही तो माझ्याच कानातून. दीड वर्ष मीही अलीकडे उभी राहून भुंकतेच आहे, की ये, घरी ये. गुडघे दुखत होते, राधाबाई रडायच्या बेतात होत्या, ऊन उतरत होतं, आणि हे सगळं माझ्या एका हाताने झालं होतं.

मग मी राहुट्यांकडे पाठ केली, साकवाकडेही पाठ केली, आणि व्हाळाच्या काठाकाठाने खाली समुद्राच्या दिशेने एकटी चालू लागले.

"बाई, खंय चललात?" लवू गावकरांनी विचारलं.

मी चालत राहिले. त्या चार छापील पानांत नसलेली एक गोष्ट मला ठाऊक होती. दिवेलागणीला कुणी एकटं निघालेलं त्याला बघवत नाही. त्यापुढे गाई नाहीत, बिस्किट नाही, भात नाही. पण हेही खरं की मी नुसती युक्ती म्हणून निघाले नव्हते. मला खरोखरच तिथे उभं राहायचं नव्हतं.

कापलेल्या भाताचे खुंट पायाला टोचत होते. मागे भुंकणं चालू होतं. मग ते बदललं. आधी सगळ्यांना उद्देशून होतं, आता एकालाच होतं, वरच्या पट्टीत. मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर तो थांबला असता आणि मलाच तिकडे बोलवत राहिला असता. पन्नास-साठ पावलं झाली असतील. भुंकणं थांबलं. मग पाण्याचा आवाज आला. आणि मग माझ्या उजव्या टाचेला दात लागले, रोज लागतात तिथेच.

मी बांधावर बसले. तो पोटापर्यंत भिजलेला, अंगाला चिखल, कानात कुसळं. माझ्याभोवती फेऱ्या मारत होता, ऊठ म्हणून नाकाने कोपराला ढकलत होता. त्याला माझं बसणं पसंत नव्हतं, माणसं तिकडे होती ना.

"तुका मी हाक पण मारूक नाय," मी त्याला म्हटलं. आणि मला रडू आलं. रागाचंच होतं ते, पण आलं.

मागून घंटा वाजल्या. अडवणारा गेल्यावर राधाबाईंच्या हाकेला तांबडी साकव उतरून अलीकडे आली होती, तिच्यामागे बाकीच्या. पाडी सगळ्यात शेवटी.

लवू गावकरांनी साकवाच्या तोंडाशी नारळ ठेवला आणि देवाला गाऱ्हाणं घातलं. मुक्या जनावरांकडून चूक झाली, त्यांना अक्कल नाही, ती पोटात घाल आणि गावावर रोष ठेवू नको. सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. मीही म्हटलं. मुकं जनावर एकटं नव्हतं, पट्टा काढणारी बाई चांगली शिकलेली होती, पण ते सांगायचं धैर्य मला झालं नाही. चौथ्या दिवशी देवाने कौल दिला आणि आम्ही घरी आलो. बटर सगळ्यांच्या मागे होता. शेवटचं माणूस साकव ओलांडेपर्यंत तो आत आला नाही.

शनिवारी संध्याकाळी मी पडवीत त्याला विंचरत बसले होते. चिखल वाळून केसांच्या गाठी झाल्या होत्या, तीन दिवस मी त्याच सोडवत होते आणि त्याला शिव्या घालत होते. फोन वाजला.

"आई, ड्रायव्हरचा नंबर पाठवलाय. उद्या दहापर्यंत येईल, कुडाळ सोडलं की फोन करेल. त्याचे ब्रश, लसींचं कार्ड, सगळं एका पिशवीत घालून ठेव."

"गाडी पाठव नको."

"का? काय झालं?"

"काय होवक नाय. पाठव नको."

"आई, परवा तूच बरं म्हणालीस. दीड वर्ष तूच म्हणतेयस की होत नाही, केस गळतात, चावतो, नेऊन टाक. मी किती लोकांशी बोललो माहितेय? आता त्या बाईंना काय सांगू?" त्याचा आवाज चढला होता. चढणारच. त्याच्या जागी मी असते तर माझाही चढला असता. "तुला नक्की काय पाहिजे ते एकदा सांग ना."

मी ब्रश खाली ठेवला. बटरने मान वर करून बघितलं. हे पडवीच्या दुसऱ्या टोकाला पेपर वाचत होते, त्यांनीही पेपर खाली केला. पायऱ्यांवर फळीचा उतार होता, कठडा अजून नव्हता. कॅलेंडरवरचा गोल आत स्वयंपाकघरात तसाच होता.

"यज्ञेश," मी म्हटलं, "ह्यो गेल्यावर तू रविवारचो फोन कित्याक करतलस?"

पलीकडून काही आवाज आला नाही. मी फोन कानापासून दूर धरून बघितला. नेटवर्क चांगलं होतं.